सेल्फ घेते, पण उचलत नाही

जानेवारीतली सकाळ, पावणेसातची वेळ. देवळी-पुलगाव रस्त्यावरच्या एका गावातून गुरुजींचा फोन आला.

"भाऊ, गाडी सेल्फ घेऊन रायली, पण उचलून नाही रायली. पंधरा मिन्टांपासून मारूनच रायलो."

"गुरुजी, पहिले चाबी काढा अन् खाली उतरा."

"काऊन जी?"

"काऊन ते आल्यावर सांगतो. आता मी विचारतो तेवढं पाहून सांगा."

वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ माझं गॅरेज आहे. १९८५ साली दहावीत गणितानं दगा दिला आणि मी उस्तादांच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागलो. तेव्हा गॅरेजसमोर फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि जीप उभ्या असत. आता त्यांच्या जागी ज्या गाड्या उभ्या असतात त्यांचं बॉनेट उघडलं, की वर प्लास्टिकचं झाकण दिसतं, इंजिन दिसतच नाही. पण गिऱ्हाइकाचं वाक्य चाळीस वर्षांत एका शब्दानंही बदललेलं नाही. सेल्फ घेते, पण उचलत नाही.

गाडी चालू होत नाही म्हणून येणारे फोन दोन जातींचे असतात. चाबी फिरवली की नुसतं 'टक्क' होतं, ही पहिली जात. तिथं बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा सेल्फ बघायचा, माझ्याकडचा पोऱ्याही ते काम करतो. गुरुजींचा फोन दुसऱ्या जातीचा. इंजिन फिरतंय, चांगलं फिरतंय, पण पेट घेत नाही. अशा वेळी माणूस चाबी सोडत नाही. आणखी एकदा मारली तर लागेल, या आशेवर तो बॅटरी उतरवतो आणि सेल्फ तापवतो. ठिणगी नसेल तर प्रत्येक वेळी आत गेलेलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेला लागतं. तिथं धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर बसलेला असतो, तो भारी किमतीचा असतो आणि न जळलेलं पेट्रोल त्याला अजिबात मानवत नाही. म्हणून माझा हिशेब असा: एका वेळी पाच-सात सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट विश्रांती, असं तीनदा. चौथ्यांदा हात लावायचा नाही.

सेल्फ ही तगडी मोटर. ती इंजिनाला मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे देते. इंजिन आपल्या पायावर उभं राहिलं की ते सात-आठशे फेऱ्यांवर शांतपणे चालतं. तेवढ्या अंतरात त्याला आत आग लावता आली पाहिजे. सेल्फ फक्त हात धरून उभं करतो, चालणं इंजिनाचं इंजिनानंच करायचं.

सेल्फ नव्हता तेव्हा लोक समोरून हँडल मारत. जुन्या जीपचं हँडल मीही मारलेलं आहे. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, म्हणून अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल धरायचं, हा उस्तादांचा पहिला धडा. दुसरा धडा 'डेल्को'चा. प्रत्येक प्लगला आपापल्या पाळीनं करंट वाटून देणारा जो डबा जुन्या गाड्यांत असे, त्याला आम्ही सगळे डेल्को म्हणायचो. डेल्कोचं झाकण काढ, पॉइंट घास, गॅप बघ. हा शब्द उर्दू असावा असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. पन्नाशी उलटल्यावर मुलीनं शोधून सांगितलं, की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे, तिथं १९०९ साली 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' निघाली, तिच्या नावातली पहिली अक्षरं जोडून डेल्को झालं. कंपनी काढणाऱ्यांत चार्ल्स केटरिंग होता. १९१२च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आला तोही याच केटरिंगच्या डोक्यातून. म्हणजे सेल्फ घेते पण उचलत नाही, या तक्रारीची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या कारखान्यातली. उस्तादांना हे सांगायला हवं होतं. ते राहिलं.

गाडी उचलतच नसेल तर काय करायचं, याचं एक उत्तर आमच्या वर्ध्यात फार पूर्वी निघालं होतं. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपत आणि सेवाग्रामच्या वाटेवर ती चालवत, असं इथली जुनी माणसं सांगतात. पुढे बैल, मागे फोर्ड, म्हणून तिचं नाव ऑक्सफोर्ड. आजही सोयाबीनच्या मळणीत गाडी अडली की ट्रॅक्टर लावून टोचन करून आणतात, तेव्हा मला ती ऑक्सफोर्ड आठवते.

तर गुरुजींना मी फोनवर पाच गोष्टी विचारल्या. चाबी फिरवून सेल्फ न मारता थांबा, इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का? लागतो. मागच्या सीटखालून दोन सेकंद 'झूंऽऽ' असा आवाज येतो का? गुरुजींनी नातवाला मागे बसवून ऐकवलं, येतो. आता फक्त एकदा सेल्फ मारा आणि फेऱ्यांचा काटा बघा, थोडा तरी हलतो का? "नाही भाऊ, काटा मेलेला हाय." आवाज रोजच्यासारखाच? होय. गाडी शेवटची कधी चालली आणि कुठं उभी होती?

शेवटच्या प्रश्नाला गुरुजी खुलले. आठ दिवसांपासून गाडी टिनाच्या शेडमध्ये होती. यंदा कापसाला भाव नाही म्हणून कापूस विकला नाही, घरातली एक खोली भरली, उरलेला शेडमध्ये गाडीच्या बाजूला रचला.

मी पिशवीत टेस्ट लॅम्प, मीटर, सोल्डरिंगची कांडी आणि वायरचं भेंडोळं टाकलं.

हे पाच प्रश्न कुठल्याही गाडीवाल्यानं आधी स्वतःला विचारून पाहावेत. पिवळा दिवा लागलाच नाही, तर गाडीच्या मेंदूलाच, म्हणजे ईसीएमला, करंट पोचत नाही. तिथं फ्यूज आणि मोठा रिले बघायचा, बाकी काही खोलायचं नाही. मागचा आवाज म्हणजे टाकीत बुडालेला पेट्रोल पंप. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, हा पंप इंजेक्टरपर्यंत पेट्रोल त्याहून जास्त, चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या दाबानं नेतो. तो पेट्रोलात बुडालेला असतो कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात ते यामुळं.

या पंपानं माझी एकदा चांगली जिरवली आहे. वीसेक वर्षं झाली असतील. हिंगणघाटहून एक गाडी टोचन होऊन आली. मागून आवाज नाही, इंजेक्टरकडे पेट्रोल नाही. त्याच आठवड्यात मी दोन गाड्यांचे पंप बदलले होते, त्यामुळं तिसऱ्या गाडीचाही पंपच गेला असणार हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. सीट काढली, पंप काढला, नागपूरहून नवा मागवून बसवला. नवाही मुका. मग घाम पुसत टेस्ट लॅम्प लावला. पंपाच्या जोडणीत करंट येत होता, पण परत जायला वाट नव्हती. सीटखाली पत्र्याला जिथं अर्थची वायर स्क्रूनं आवळलेली असते, ती जागा गंजून गेली होती. तो स्क्रू घासून आवळला आणि जुनाच पंप परत बसवला, गाडी पहिल्या सेल्फला उचलली. गिऱ्हाइकाला पंपाचे पैसे परत दिले. नवा पंप आजही माझ्या फळीवर आहे, त्या मॉडेलच्या गाड्याच आता राहिल्या नाहीत. तेव्हापासून मी पोरांना पार्टला हात लावण्याआधी पार्टपर्यंत करंट पोचतो का ते बघायला लावतो. पंपाचा रिले आणि हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत एकसारखे असतात, दोघांची अदलाबदल करून बघायला एक मिनिट लागतं आणि एक रुपया लागत नाही. आणि काटा पाव टाकी दाखवत असला तरी पाच लिटर पेट्रोल टाकून बघावं. काटे खोटं बोलतात. टाकी कोरडी असलेल्या गाडीचं मी बॉनेट उघडलेलं आहे, यापुढं काही सांगत नाही.

आता काटा. फेऱ्यांचा काटा सेल्फ मारताना थोडासा उठायला हवा. कार्बुरेटरच्या गाडीत ठिणगी कधी द्यायची हे डेल्को ठरवायचा, आणि तो इंजिनालाच गिअरनं जोडलेला असे. आताच्या गाडीत हे काम ईसीएम करतो. त्याला इंजिन दिसत नाही. गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फिरणाऱ्या दातेरी चकतीजवळ, एक अंगठ्याएवढा क्रँक सेन्सर बसवलेला असतो. चकतीचे दात समोरून गेले की तो बारीक विजेचे ठोके पाठवतो. त्यावरून ईसीएमला कळतं, की इंजिन फिरतंय, किती वेगानं, आणि पिस्टन आत्ता कुठं आहे. ठोके आले नाहीत तर त्याच्या लेखी इंजिन उभंच आहे, आणि उभ्या इंजिनात पेट्रोल कशाला फवारायचं, ठिणगी कशाला द्यायची? बऱ्याच गाड्यांत काटा याच ठोक्यांवर हलतो.

गुरुजींकडे पोचलो तेव्हा ओसरीवर चहा तयार होता आणि शेजारचे चार जण बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. एकाचं म्हणणं प्लग, एकाचं पेट्रोलात पाणी. एका तरुणानं कॉइल काढून ठिणगी बघायची तयारी चालवली होती, त्याला आधी थांबवलं. जुन्या गाडीत प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरायची आणि ठिणगी उडते का बघायचं, हे आम्ही सगळ्यांनी केलंय, झटके खाल्लेत. आता ते करू नये. प्लगच्या टोकाशी पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात आणि ठिणगीला नीट वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा ईसीएम जातो. शिवाय बाजूला पेट्रोलची वाफ. ठिणगी बघायचा साधा टेस्टर बाजारात मिळतो, तो लावावा.

टेस्टरमध्ये ठिणगी नव्हती. एक प्लग काढून पाहिला, कोरडा ठणठणीत. पंधरा मिनिटं सेल्फ मारून प्लग कोरडा! इथं मला बरं वाटलं. प्लग ओला असता आणि ठिणगी नसती, तर कॉइल-प्लगची बाजू बघितली असती. ठिणगी असती आणि प्लग कोरडा, तर पेट्रोलची. इथं दोघंही एकाच दिवशी गैरहजर. दोघं एकदम रजेवर गेले असतील तर हजेरी घेणाराच आला नसणार, आणि काट्यानं तर फोनवरच ते सांगितलं होतं.

सेन्सर गेला असंही नसतं नेहमी. स्कॅनर लावला, त्यानं क्रँक सेन्सरचा कोड दाखवला, पी ०३३५. पुष्कळ जण हा कोड बघून लगेच सेन्सर मागवतात. स्कॅनर तुम्हाला फक्त सेवाग्रामच्या दवाखान्यातला वॉर्ड दाखवतो, खाट नंबर तुम्हीच शोधायचा. सेन्सर, त्याची जोडणी, दोन वायरी, मध्ये कुठं घासलेलं, तुटलेलं, यातलं काहीही त्या एका कोडात बसतं.

उन्हाळ्यात हाच सेन्सर फार छळतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि बॉनेटखाली किती होतं ते हात लावून कळतं. समुद्रपूरकडचे एक कापूस व्यापारी महिनाभर एकच गोष्ट सांगत येत होते. दुपारी दोनला जामच्या चौकात गाडी बंद पडते, सेल्फ घेते, उचलत नाही. लिंबाखाली पाऊण तास उभी केली की लागते. गॅरेजात आली की अगदी गुणी बाळ. शेवटी मुलीचा केस वाळवायचा ड्रायर आणला, चालू इंजिनाच्या सेन्सरवर गरम हवा मारली. तीन मिनिटांत गाडी बंद. ओलं फडकं ठेवलं, पुन्हा चालू. आत तारेचं बारीक वेटोळं असतं, ते तापलं की फाकतं आणि जोड सुटतो, निवलं की जुळतो. गंमत अशी, की कार्बुरेटरच्या जमान्यातही उन्हात बंद पडलेल्या गाडीवर ओलं फडकंच ठेवत, पण ते पेट्रोल पंपावर. तिथं उन्हानं नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ पंपाला ओढता यायची नाही. इलाज तोच, दुखणं दुसरंच. त्यामुळं जुन्या माणसानं सांगितलेला उपाय लागू पडला म्हणून त्यानं सांगितलेलं कारणही खरं मानू नये, असं मी त्या व्यापाऱ्यांच्या वडिलांसमोरच बोललो आणि त्यांना ते आवडलं नाही.

चौथा प्रश्न आवाजाचा होता, तो सगळ्यात महत्त्वाचा. चांगल्या इंजिनाला सेल्फ मारला की 'खच्-खच्-खच्' असा अडखळता ताल येतो, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना मोटरीला जोर लावावा लागतो. कधी हा ताल नाहीसा होतो आणि नुसतं 'घर्रर्र' असं सलग, हलकं, नेहमीपेक्षा वेगानं इंजिन फिरतं. तेव्हा तिथंच थांबावं. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. खाली पिस्टन फिरतात आणि वर व्हॉल्व्ह जागच्या जागी उघडे, दाब तयार होत नाही. बऱ्याच इंजिनांत पिस्टन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि ते वाकतात. आणखी दोनदा सेल्फ मारणं म्हणजे आणखी दोन व्हॉल्व्ह. अशा गाडीला धक्का स्टार्टही द्यायचा नाही. फोनवर लोकांना मी सेल्फ मारून ऐकवायला लावतो ते याचसाठी, आणि खरं सांगतो, निम्मं काम त्या आवाजात होतं.

ताल आहे पण मंद, ओढल्यासारखा, हेही कधी ऐकू येतं. मग बॅटरी निर्दोष म्हणून सोडली होती ती परत पकडायची. सेल्फ सगळा करंट खाऊन टाकतो, बॅटरी नऊ-साडेनऊ व्होल्टवर येते आणि ईसीएमला पुरेसं उरत नाही. इंजिन फिरतं, ठिणगी पडत नाही. डिझेलच्या नव्या गाड्यांना तर मंद फिरणं चालतच नाही, इंजेक्टर उघडण्याआधी त्यांच्या पाइपात दोनशे बारच्या आसपास दाब चढावा लागतो. डिझेलवाल्यांनी याशिवाय फिल्टरमधलं पाणी आणि नळीत शिरलेली हवा एवढं बघावं. बाकी डिझेलचं पुराण मोठं आहे.

सेल्फ मारून मारून पेट्रोल ओव्हर झालं असेल, वास येत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर तळाला पूर्ण दाबून सेल्फ मारावा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ईसीएम तेव्हा पेट्रोल बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग वाळतात. पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी उचलली नाही, तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावं. हल्ली पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ. पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात, बाटलीत रेघ स्पष्ट दिसते. टाकीतही पंप तळाशीच असतो. आणि डॅशबोर्डवर चाबीचा किंवा कुलपाचा दिवा भराभर चमकत असेल तर बॉनेट उघडूच नका. चाबीच्या मुठीत एक चिप असते, गाडीनं तिला ओळखलं नाही तर इंजिन पेटू देत नाही. दुसरी चाबी लावून बघा. एका बाईंच्या जुडग्यातली दुसऱ्या गाडीची चाबी मी नुसती बाजूला काढली, तेवढ्यावर त्यांची गाडी चालू झाली होती. त्याचे पैसे घेता येत नाहीत.

गुरुजींच्या गाडीखाली गोणपाट टाकून शिरलो. क्रँक सेन्सरची जोडणी जागेवर होती, पण तिच्यापासून वीतभर अंतरावर वायरींचं काळं आवरण सोललेलं आणि एक वायर स्वच्छ कुरतडलेली. दातांचे ठसे दिसत होते. मीटरवर सेन्सर ठणठणीत निघाला. वायर जोडून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. सेल्फ मारला, काटा उठला, इंजिन लागलं. पण दोन क्षण चाललं आणि गुदमरल्यासारखं बंद पडलं. शेजाऱ्यांपैकी पेट्रोलात पाणी म्हणणारे माझ्याकडं बघून हसले.

उंदरानं फक्त वायर खाऊन गप्प बसायचं, असं कधी होत नाही. एअर फिल्टरचं झाकण उघडलं. डबा सरकीनं गच्च भरला होता. बाजूच्या गंजीतून बोंडं ओढून आणायची, रुईची गादी इंजिनाच्या झाकणाखाली घालायची आणि सरकी फिल्टरच्या डब्यात साठवायची, असा आठ दिवसांचा संसार. हवेला जायला बोटभर जागा नव्हती. डबा गोणपाटावर उलटा केला, फिल्टर झटकला, पुन्हा बसवला. गाडी लागली आणि चालत राहिली.

गुरुजी सरकीकडं बघत होते. "अर्धा किलो तर असंन," ते म्हणाले. त्यांची म्हातारी आई ओसरीवरून उठून आली, वाकून मूठभर सरकी उचलली, हुंगली, तिला ग्रीसचा वास लागला नसावा.

"फेकू नोको रे बापू," ती मला म्हणाली, "म्हशीले टाकतो."